चार पिढ्या माळकरी, तरी रक्तात साखर कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात चार पिढ्या तुळशीची माळ आहे, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. तरी वडिलांना पंचेचाळिशीत मधुमेह निघाला, साठीच्या आत अँजिओप्लास्टी झाली. आता तुम्ही ३४ वर्षांचे, उंची पाच फूट सात इंच, वजन ६४ किलो, आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर सांगणारी तपासणी, आलीय ६.१. मग 'वनस्पतिजन्य आहारानं मधुमेह, हृदयविकार टळतात' हे जे सगळीकडे वाचायला मिळतं ते थोतांड आहे का? आणि खरं असेल तर आणखी कडक होऊन दूधही सोडायचं, की उलट माळ उतरवून अंडी-मासे सुरू करायचे? शेवटी आईंनी एकादशीचंही विचारून घेतलंय. ते शेवटीच घेते.

मी गेली बावीस वर्षं सांगली-मिरज भागात आहारसल्ला देते. तुमच्यासारखी घरं माझ्याकडे आठवड्याला चार-पाच तरी येतात आणि प्रत्येकाच्या बोलण्यात तोच सल असतो: आम्ही कुणाच्या अध्यात ना मध्यात, साधं जेवणारी माणसं, आमच्याच वाट्याला हे का?

आधी ६.१ म्हणजे काय ते सांगते. ५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा. मधुमेह अजून झालेला नाही, पण दारात येऊन उभा आहे. इथून मागे फिरता येतं, म्हणून घाबरू नका आणि रिपोर्ट कपाटातही ठेवून देऊ नका.

आता मूळ मुद्दा. 'शाकाहारी' हा शब्द ताटात काय नाही एवढंच सांगतो. काय आहे, त्याचा त्यातून पत्ता लागत नाही. मैदा वनस्पतिजन्य, साखर वनस्पतिजन्य, साबुदाणा, फरसाण, खारी, टोस्ट, सगळं वनस्पतिजन्य. वनस्पती तुपाच्या डब्यावर तर नावच वनस्पती! अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी दोन लाखांहून जास्त डॉक्टर, नर्स वगैरे आरोग्यसेवकांच्या खाण्याची अनेक वर्षांची माहिती तपासली आणि वनस्पतिजन्य आहाराचे सरळ दोन भाग पाडले. एकीकडे अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, दाणे. दुसरीकडे पॉलिश केलेली धान्यं, बटाटा, गोड पेयं, मिठाया. २०१७ साली आलेल्या त्या निष्कर्षांत पहिल्या तऱ्हेनं जास्तीत जास्त खाणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी होता. दुसऱ्या तऱ्हेनं जास्तीत जास्त खाणाऱ्यांत तो ३२ टक्क्यांनी वाढलेला होता. म्हणजे मांसाहार कमी असलेली दोन ताटं दोन विरुद्ध टोकांना गेली. असल्या पाहणीवरून कार्यकारण शंभर टक्के सिद्ध होत नाही, हे मान्य. पण रोज समोर बसणारी माणसं पाहिली की मला त्यात नवल वाटत नाही.

माझ्याकडे कुणी आलं की 'काय खाता?' असं मी हल्ली विचारत नाही. उत्तर ठरलेलं असतं, 'साधंच हो, घरचं. पोळी-भाजी, वरण-भात.' आणि ते खोटंही नसतं. मी महिन्याच्या किराण्याची यादी मागते. मध्यंतरी तुमच्यासारख्याच एका चौघांच्या घराची यादी आली, ती इथं मांडते. गहू २० किलो, तांदूळ १२, पोहे-रवा-साबुदाणा मिळून ४. तूरडाळ २ किलो, मूगडाळ १. साखर ५ किलो. तेल ६ लिटर. भाजी दोन्ही वेळची मिळून रोज अर्धा किलो, आणि आठवड्यातले चार दिवस त्यात बटाटा.

पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही चौघांनी आणि तीस दिवसांनी भागत गेलो. धान्य माणशी रोज ३०० ग्रॅम. डाळ २५ ग्रॅम. साखर ४० ग्रॅमच्या वर, आणि यात बाहेरची मिठाई, बिस्किटं धरलेली नाहीत. तेल ४५ ग्रॅमच्या आसपास. भाजी १२५ ग्रॅम, तीही देठं-साली काढायच्या आधीची. आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली दोन हजार कॅलरींचं जे ताट सुचवलंय ते शेजारी ठेवा: धान्य २५०, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, तेल-तूप २७ ग्रॅम. साखरेबद्दल जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जमलं तर २५ ग्रॅमच्या आत. भाजीचं मोजमाप करताना ही संघटना बटाटा, रताळं आणि कसावा धरतच नाही. कसावा म्हणजे ज्या कंदाचा आपल्याकडे साबुदाणा होतो तो.

त्या घरातल्या वहिनी बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, 'म्हणजे आम्ही शाकाहारी नाही, धान्याहारी आहोत.' तेव्हापासून हा शब्द मी सर्रास वापरते. देशभराचं चित्रही फारसं वेगळं नाही. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या सर्वेक्षणानुसार भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. त्यातही पांढरा तांदूळ, दळून-चाळून गुळगुळीत केलेली धान्यं आणि साखर यांचा वाटा मोठा आहे. त्याच सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे.

मग जे खाऊन फायदा होतो ते नक्की काय करतं? मी पेशंटना हे भिजवलेल्या हरभऱ्यावरून सांगते. अख्खा हरभरा दाताखाली फोडा. आतला पिठूळ भाग असंख्य बारीक पेशींमध्ये भरलेला असतो आणि प्रत्येक पेशीला स्वतःची भिंत असते. शिजवला तरी त्या भिंती बऱ्याचशा टिकतात, त्यामुळे आतला स्टार्च हळूहळू बाहेर येतो आणि साखर हळू चढते. त्याच हरभऱ्याचं बेसन केलं की जात्यानं बऱ्याच भिंती आधीच पाडलेल्या असतात. मैद्यात तर वरचं सालही गेलं, भिंतीही गेल्या. शरीराला काही कामच उरत नाही, साखर थेट रक्तात. शंभर ग्रॅम कच्च्या पॉलिशच्या तांदळात तंतू जेमतेम तीन ग्रॅम. अख्ख्या मुगात १७ च्या आसपास, अख्ख्या हरभऱ्यात सुमारे २५. ज्याला आपण चोथा म्हणून हिणवलं, चाळून गुरांना घातलं, तो हाच ऐवज.

कोलेस्टेरॉलचा मामला वेगळा. भेंडी चिरताना हाताला तार येते, भिजलेलं जवस बुळबुळीत होतं, तो विरघळणारा तंतू. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्त बनवतं, ते आतड्यात येतं आणि एरवी बरंचसं परत शोषलं जातं. हा बुळबुळीत तंतू त्यातलं काही पित्त धरून शौचावाटे बाहेर नेतो. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. उरलेला तंतू मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न होतो. ते तो आंबवून जी आम्लं तयार करतात त्यांवर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. २०१९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या आढाव्यात, जास्त तंतू खाणाऱ्यांत हृदयविकार, पक्षाघात, टाइप २ मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचं प्रमाण १५ ते ३० टक्क्यांनी कमी दिसलं. दिवसाला २५ ते २९ ग्रॅम तंतू पोटात गेले तर बराचसा फायदा पदरात पडतो, असा त्याचा हिशोब होता.

रक्तदाबाचं तर प्रत्यक्ष प्रयोगातून सिद्ध झालंय. १९९७ साली अमेरिकेत ४५९ जणांना आठ आठवडे मोजून-मापून जेवण दिलं. मीठ सगळ्यांना सारखं, वजनही कुणाचं घटू दिलं नाही. भाज्या, फळं, दाणे, अख्खी धान्यं आणि कमी सायीचं दूध-दही असं जेवण मिळालेल्या गटात, ज्यांना आधीच उच्च रक्तदाब होता त्यांचा वरचा आकडा नेहमीचं अमेरिकन जेवण जेवणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी ११ नं उतरला. एका गोळीनं होईल एवढं काम ते. त्या ताटात दूध होतं, हेही लक्षात ठेवा.

आणि सगळ्यात साधं कारण म्हणजे ताटात जागा तेवढीच असते. वाटीभर चवळीची उसळ पोटात गेली की चौथी पोळी आपोआप नको होते.

तुम्ही वजनाचा उल्लेख केलात, 'बारीकच आहे' म्हणून. इथंच आपली मंडळी गाफील राहतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'नं छापला होता. दोघंही दिसायला सडपातळ, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, २२.३. मोजल्यावर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तुमचा बीएमआयही २२ च्या जवळ येतो. तेव्हा वजनकाटा ठेवा बाजूला आणि शिंप्याची टेप घ्या. आपल्याकडच्या पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांची ८० च्या. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, हा आपला खास मराठी मध्यमवर्गीय घाट आहे.

इथवरचं जुळवून घेऊ: तुमच्या घराण्याला शाकाहारानं दगा दिला नाही, धान्य-साखर-तेलाच्या ढिगाखाली डाळ आणि भाजी दडपली गेली, त्यात आपली शरीराची ठेवण आणि वडिलांकडून आलेला वारसा. वारसा बदलता येत नाही, ढीग हलवता येतो.

तो कसा हलवायचा यात मी स्वतः ठेच खाल्लीय. सुरुवातीच्या काळात एका शिक्षकांना मी पहिल्याच दिवशी दोन्ही वेळ वाटी-वाटी मटकी-चवळी लिहून दिली. पाचव्या दिवशी त्यांच्या पत्नीचा फोन, 'मॅडम, ह्यांना वर्गात उभं राहायची चोरी झालीय.' पोटातल्या जिवाणूंना एवढ्या मालाची सवयच नव्हती. आता मी दिवसाआड अर्ध्या वाटीनं सुरू करते, तेही मूग-मटकीवर. रात्रभर भिजवायचं, ते पाणी फेकायचं, मोड आणायचे, हिंग-ओव्याच्या फोडणीत नीट मऊ शिजवायचं. दोन आठवड्यांनी रोज, मग चवळी, मसूर, वाल, आणि राजमा-छोले सगळ्यात शेवटी. पाणी जास्त प्यायचं, नाहीतर एवढा तंतू उलट अडून बसतो.

वाढण्याचा क्रम उलटा करा. आधी ताटात दोन भाज्या, एक पालेभाजी आणि एक फळभाजी, शेजारी कोशिंबीर. मग उसळ, पिठलं किंवा घट्ट वरण. ज्या वरणातून ताटाचा तळ दिसतो ते मी डाळीत धरत नाही. हे सगळं वाढून झालं की एक भाकरी किंवा दोन पोळ्या, आणि भात हवाच असेल तर शेवटी एक डाव, त्यावर भाताएवढंच वरण. भाजी महाग पडते म्हणाल तर ब्रोकोलीच्या वाटेला जायचंच नाही. मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, तांदुळजा ज्या दिवसांत स्वस्त असतील त्या दिवसांत. पालेभाजीची जुडी परवडत नाही तेव्हा दुधी, लाल भोपळा, कोबी. पावसाळ्यात बाजारात टाकळा-करटोली दिसली तर सोडू नका. दाण्यांसाठी बदामच हवेत असं नाही, भाजलेले शेंगदाणे मूठभर, जवसाची किंवा कारळ्याची चटणी पुरते. फळ चावून खा, रस काढून नको.

भाकरीबद्दल जरा कडू बोलते, कारण 'गहू सोडला, ज्वारी धरली, तरी साखर हलेना' ही तक्रार रोजची आहे. ज्वारी मला प्रिय आहे, पण न चाळलेल्या गव्हाच्या पिठात आणि ज्वारीत तंतू जवळपास सारखेच, शंभर ग्रॅमला दहा-अकरा ग्रॅम. तीन मोठ्या भाकऱ्या आणि चमचाभर भाजी खाल्ली तर ज्वारी काय करणार? तिच्याबरोबर काय येतं आणि ती किती येते यावर सगळं आहे. ज्वारी-नाचणीच्या नावानं विकल्या जाणाऱ्या बिस्किटांचं पाकीट उलटून वाचा, पहिल्या तीन घटकांत बहुतेक वेळा मैदा, साखर आणि पाम तेल सापडेल. गुळाचंही तेच. साखरेच्या जागी गूळ हा जिभेचा बदल झाला, रक्ताच्या लेखी तो साखरच.

आता हे सगळं केलं तर मधुमेह टळेलच का? तशी हमी कुणी देऊ नये. आपल्याकडचाच एक प्रयोग सांगते, २००६ साली प्रसिद्ध झालेला. मधुमेहपूर्व अवस्थेतल्या भारतीयांपैकी ज्यांना विशेष सल्ला मिळाला नाही त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झाला. खाणं बदलून रोज अर्धा तास चालणाऱ्यांत ३९ टक्क्यांना झाला. फरक मोठा आहे, पण ३९ हे शून्य नव्हे. आणि त्यात चालणंही होतं, एकट्या भाजीचं ते श्रेय नाही. झोप मोडलेली, तोंडात तंबाखू आणि दिवसभर खुर्ची, असं असेल तर मेथीची जुडी एकटी किती लढेल?

वडिलांसाठी मात्र तुमचा तक्ता जसाच्या तसा उचलू नका. ते ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेत असतील आणि तुम्ही एकदम भात-पोळी निम्मी केलीत तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते, डोस आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावा लागतो. जुन्या मधुमेहात मूत्रपिंड कमजोर झालं असेल तर पालेभाज्या, फळं, शहाळं यांतलं पोटॅशियम मोजूनच द्यायचं. आणि रक्त पातळ ठेवायला त्यांना वॉरफरिन दिलं असेल तर पालेभाजीचं प्रमाण अचानक वाढवायचं नाही, त्यातलं के जीवनसत्त्व त्या औषधाच्या उलट काम करतं. क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी घेऊन त्यांना स्वतंत्र भेटायला न्या.

दूध सोडायचं का? माझ्या मते मुळीच नको. तुमच्या घरात ब१२ जीवनसत्त्व मिळण्याची तेवढी एकच वाट आहे, कारण धान्य-भाजीत ते नसतंच. दूध-दही रोज घेऊनही आपल्याकडच्या शाकाहारी घरांत ब१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे, तेव्हा तुमची आणि वडिलांची, दोघांचीही तपासणी करा आणि कमी असेल तर गोळी घ्या. वडील मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेत असतील तर त्यांची आधी करा, ते औषध वर्षानुवर्षं घेतल्यावर ब१२ आणखी उतरतं. अंडी-मासे वाईट नाहीत. मालवणातल्या माझ्या पेशंटना मी मासे सोडायला सांगत नाही, तसंच तुम्हाला माळ उतरवायलाही सांगणार नाही. तुमच्या ताटात उणी आहे ती डाळ आणि भाजी, आणि ती भरून काढायला माळ कुठं आड येते? तीन महिने हे करा, मग एचबीए१सी पुन्हा तपासा. त्याआधी रोज बोट टोचून हैराण होण्यात अर्थ नाही.

आता आईंची एकादशी. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण कुणा आहारतज्ज्ञानं केलेली नाही, आपल्याच आज्यांनी केलीय. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात बटाटा, वर तूप, शेजारी तळलेला पापड, आणि संध्याकाळी पुन्हा तेच. त्याऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी करा, भगर थोडी, आमटी भरपूर. काकडीची कोशिंबीर, ताक, एखादं फळ. राजगिऱ्याची भाकरी चालते, तुमच्याकडे चालत असेल तर राजगिऱ्याच्या पाल्याची भाजीही. आषाढी-कार्तिकीला आईंना खिचडी हवीच असेल तर करू द्या, पण बटाटा वगळून, दाण्याचं कूट दुप्पट घालून, आणि तुमच्या वाट्याला एक छोटी वाटी. कढईत उरलेली संपवायची जबाबदारी तुमच्यावर नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.